चाकांवरचं घर, घाट आणि पाणथळ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळी उलटली की आमच्याकडे कॅम्परव्हॅनची पत्रं सुरू होतात. यंदा बहुतेकांचा बेत सारखाच आहे : बेळगावहून खानापूरमार्गे दांडेली-जोयडा, अणशीतून खाली कारवार, पुढे कुमट्याजवळ अघनाशिनीचं मुख. ज्यांना सवड आहे ते आधी किंवा नंतर गोकाककडे धुपदाळचे पक्षी बघणार आहेत. तेच ते प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

आम्ही पाच जण आहोत, त्यात सत्तरीची आई. ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली कॅरॅव्हॅन भाड्याने घेतोय. दांडेलीच्या जंगलात रस्त्याकडेला मोकळी जागा बघून रात्र काढायचा विचार आहे. चालेल ना? (शहापूर, बेळगाव)

नाही चालणार. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून आजचं काळी व्याघ्र राखीव क्षेत्र होतं. २००७ साली ते दांडेली-अणशी या नावाने जाहीर झालं आणि २०१५ मध्ये त्याला काळी नदीचं नाव मिळालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अशा जागी परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, आणि आग पेटवायला तर स्पष्ट मनाई आहे. रस्ता सार्वजनिक असला म्हणून साइडपट्टीवर चूल मांडता येत नाही. गस्तीवाल्यांनी मध्यरात्री उठवलं तर आईला घेऊन अंधारात घाट उतरायची वेळ येईल.

म्हणून बेत उलट्या क्रमाने आखा. आधी रात्रीच्या जागा नक्की करा आणि त्या जोडत रस्ता काढा. वनखात्याची कुळगी आणि अणशीची निसर्ग शिबिरं आहेत, दांडेलीला सरकारी जंगल लॉजेसचं शिबिर आहे, गणेशगुडी-जोयड्याकडे होमस्टे भरपूर आहेत. फोनवर नुसतं 'जागा आहे का' विचारून भागत नाही. फाटकाची रुंदी किती, आत गाडी वळते का, वाटेवर विजेची तार किंवा फणसाची फांदी किती उंचीवर आहे, गाडीतच झोपलो तर संडास-न्हाणीघर वापरायला मिळेल का, हे विचारा. छतावरचा एसी आणि सोलर धरून गाडी तीन मीटरच्या आसपास जाते. टेपने मोजा आणि तो आकडा ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर चिकटवा. होमस्टेच्या बोळात शिरून पुन्हा रिव्हर्स निघण्यात जेवढे आरसे फुटतात तेवढे घाटात फुटत नसतील.

वीज घेणार असाल तर १६ अँपिअरच्या प्लगवरून घ्या. वायर २.५ चौरस मिलिमीटरची हवी आणि ती पूर्ण उलगडून टाका. गुंडाळी तशीच ठेवली तर आतून तापून वितळते. गाडीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका) आहे का ते बघा आणि तिचं टेस्टचं बटण दाबून खटका पडतो याची खात्री करा. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या पत्र्याच्या गाडीला हात लावून शॉक बसणं हा विनोदाचा विषय नाही.

दांडेली सोडताना डिझेलची टाकी भरा आणि नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. जोयड्याच्या पुढे मोबाइल बराच वेळ शोभेला असतो.

गाडी माझी स्वतःची आहे, सहा मीटरपेक्षा लांब. कारवारला अणशी घाटाने उतरू की यल्लापूरवरून अर्बैल घाटाने? (खानापूर)

गाडी लांब आणि घाटाचा सराव कमी असेल तर अर्बैल. तो राष्ट्रीय महामार्ग ५२ आहे. रस्ता रुंद, पण भरलेल्या लॉऱ्यांची रांग असते. अणशीचं जंगल केव्हाही देखणं, मात्र वळणं आवळलेली आहेत आणि समोरून बस आली की कोणीतरी मागे घ्यावीच लागते. सराव असेल तर अणशी दिवसाउजेडी, सकाळी उतरा. दांडेली ते कारवार अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर आहे, पण कॅरॅव्हॅनने चार तास धरा.

पावसाळ्यात दोन्ही नकोत. २०२४ च्या १६ जुलैला अंकोल्याजवळ शिरूरला महामार्ग ६६ वर दरड कोसळली, आणि तीन आठवड्यांत, ७ ऑगस्टला, कारवारचा काळी नदीवरचा जुना पूल पडला. कडेचा डोंगर पाण्याने जड झाला की सरळ सपाट महामार्गही सुरक्षित राहत नाही.

उतरताना जो गिअर चढायला लागला असता तोच ठेवा, बहुतेक ठिकाणी दुसरा. 'डिझेल वाचतं' म्हणून न्यूट्रलला सोडणारे अजूनही भेटतात. न्यूट्रलमध्ये इंजिनचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. त्यात इंजिन बंद केलं तर ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंगही जातं.

ब्रेक जाण्याचे प्रकार दोन आहेत, ते पायाला ओळखता आले पाहिजेत. पेडल मऊ होऊन खाली जातंय तर ब्रेक ऑइल उकळलंय. पेडल कडक आहे, करपल्याचा वास येतोय आणि गाडी थांबत नाही, तर लायनिंग तापून गुळगुळीत झालंय. ताजं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत आणि डॉट ४ किमान २३० पर्यंत टिकावं असा मापदंड आहे. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि मग तेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. आपल्याकडच्या पावसात दोन वर्षांचं ऑइल म्हणजे जुनंच समजा, सहलीआधी बदला. वास आलाच तर रुंद जागी थांबा, गिअरमध्ये ठेवा, चाकांना लाकडी ठोकळे लावा, अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून ठेवू नका आणि पाणी तर मुळीच ओतू नका, तडा जातो.

जुनी ट्रॅव्हलर घेऊन मेस्त्रीकडून पलंग, ओटा, संडास बसवून घेतला तर आरटीओची भानगड होते का? (हुक्केरी)

होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ बांधणीत असा बदल मंजुरीशिवाय करता येत नाही. आर.सी.वर नोंद नसेल तर पुढचा खरा फटका विम्याचा बसतो. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हा स्वतंत्र मापदंड आहे. त्याप्रमाणे मंजूर बांधणी करणाऱ्याकडूनच काम करून घ्या. स्वस्तातला ओटा इथे महाग पडतो.

गाडी भाड्याने देणारा म्हणतो, 'काय पाहिजे ते भरा, ट्रॅव्हलर आहे, ओढते.' वजनाचा एवढा बाऊ करायचं कारण आहे का? (चिकोडी)

ओढेल हो, थांबेल का ते विचारा. हिशेब मांडून बघा. समजा आर.सी.वर एकूण वजनाची मर्यादा ४,००० किलो आहे आणि पलंग-कपाटांसह रिकामी गाडी ३,४५० भरते. उरले ५५०. पाच माणसांचे ३२५, दीडशे लिटर पाण्याचे १५०, पाच किलो गॅसचा भरलेला छोटा सिलेंडर १२-१३, शिधा, अंथरूण, बॅगा मिळून १२०. झाले ६०८. खुर्च्या, छत्री, पोरांच्या सायकली अजून धरलेल्याच नाहीत.

वजनकाटा शोधायला तुम्हाला लांब जायला नको, साखर कारखान्यांच्या आसपास खाजगी काटे आहेतच. सगळं भरून, माणसं बसवून जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा ॲक्सल मात्र मर्यादेबाहेर, असं फार वेळा निघतं, कारण पाण्याची टाकी आणि सामान मागच्या चाकांच्याही मागे ठेवलेलं असतं. त्याने पुढचा भाग उचलला जातो, स्टिअरिंग हलकं लागतं आणि ओल्या वळणावर गाडी सरळच जाते. जड वस्तू दोन ॲक्सलच्या मधे, तळाशी ठेवा. वरच्या कपाटात फक्त कपडे.

पाणी मुक्कामावर भरता येत असेल तर घरून पूर्ण टाकी नेऊ नका. पण अर्धी टाकी वळणावर हिंदकळते, हेही खरं. टाकीत आडवे पडदे नसतील तर एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान बसवून घ्या : एक गच्च भरलेली, एक कोरडी.

आणखी एक, तुमच्याच भागातलं. ऊस हंगामात संध्याकाळनंतर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. जड गाडी घेऊन रात्रीचं निघू नका.

घरच्या इन्व्हर्टरची १५० एएच (अँपिअर-तास) ट्यूब्युलर बॅटरी गाडीत बसवून फ्रिज, पंखे आणि इंडक्शन चालेल का? छतावर २०० वॅटचं सोलर आहे. (निपाणी)

फ्रिज आणि पंखे कसेबसे, इंडक्शन नाही.

बारा व्होल्टचा चाळीस लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना सुमारे ५० वॅट घेतो आणि आपल्या हवेत जवळपास निम्मा वेळ चालतो : दिवसाला ६०० वॅट-तास. वीस वॅटचे दोन पंखे दहा तास, ४००. दिवे, मोबाइल, पाण्याचा पंप, १५०. म्हणजे रोज ११५० वॅट-तास. तुमची ट्यूब्युलर कागदावर १८०० वॅट-तासांची आहे, पण निम्म्याच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य घटतं. वापरायला मिळाले ९००. शिवाय वजन पन्नास-साठ किलो, घाटात ॲसिड सांडतं आणि चार्जिंगला हायड्रोजन सुटतो. बंद गाडीत पलंगाखाली ही बॅटरी नको. १५० ते २०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. वजन कमी आणि नव्वद टक्क्यांपर्यंत वापरता येते.

सोलरचं गणित जंगलात फसतं. उघड्या माळावर हिवाळ्यात २०० वॅटचं पॅनल दिवसाला साडेसहाशे-सातशे वॅट-तास देईल, पण जोयड्याच्या झाडीत त्याच्या चौथाई मिळाली तरी नशीब. गाडी सावलीत लावली तर आत गारवा मिळतो आणि वीज जाते, उन्हात लावली तर उलट. म्हणून इंजिनवरून चार्जिंग हाच खरा आधार. ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर दोन तासांच्या प्रवासात सुमारे ८०० वॅट-तास भरतो. लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला जोडणारे फिटर आहेत. ती बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर जळतो, तेव्हा चार्जर मधे हवाच. पाच-सहा मीटर अंतराला वायर १६ चौरस मिलिमीटरची घ्या, आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ एकेक फ्यूज. नेहमीच्या गॅरेजात बारीक वायर टाकतात. मग बॅटरी 'भरतच नाही' अशी तक्रार येते.

इंडक्शन १८०० वॅटचं. बारा व्होल्टवर ते दीडशेच्या वर अँपिअर मागतं. स्वयंपाक गॅसवर करा. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर खाली साचतो, म्हणून सिलेंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक असलंच पाहिजे. नळीचे जोड साबणाच्या फेसाने तपासा, गाडी हलण्याआधी कॉक बंद करा. आणि थंडी वाजते म्हणून शेगडी पेटती ठेवून, काचा लावून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

धुपदाळच्या पाण्याकाठी पक्ष्यांसाठी पहाटे गाडी खाली उतरवायची आहे. मागे एकांची गाडी तिथे रुतली होती. काय काळजी घ्यावी? (गोकाक)

सर्वांत मोठी काळजी म्हणजे गाडी खाली न उतरवणं. घटप्रभा पक्षी अभयारण्य धुपदाळच्या बंधाऱ्यामागच्या फुगवट्यावर आहे, आणि पाणी ओसरलं की काठाची माती वरून कोरडी, भेगाळलेली दिसते. ही वरची पापुद्र्यासारखी थर माणसाला पेलते. साडेतीन टनांना नाही. पहार घेऊन उतरा. नुसत्या हाताच्या दाबाने वीतभर आत गेली तर तिथे चाक नको. गाडी पक्क्या रस्त्यावर ठेवून चालत जा. थंडीत येणारे कांड्या करकोचे इंजिनच्या आवाजाने तसेही उठतात.

रुतलीच, तर पहिली चूक बहुतेक जण पहिल्या दहा सेकंदांत करतात : ॲक्सिलरेटर. चाक फिरलं की स्वतःच खड्डा खणतं आणि टायरच्या खाचा चिखलाने भरून गुळगुळीत होतात. ॲक्सल जमिनीला टेकायच्या आत थांबा. माणसं आणि पाणी उतरवा. दीडशे लिटर सोडून दिलं तर दीडशे किलो कमी. चाकांच्या पुढची माती उताराने खणा, पुढची आणि मागची दोन्ही. टायरची हवा पन्नास पीएसआयवरून पस्तीसला आणा, पकड वाढते. मागच्या चाकांखाली दोन-अडीच फूट लांबीच्या फळ्या किंवा उसाचं पाचट घाला. ओली पोती घसरतात. मग दुसऱ्या गिअरमध्ये, हळू क्लच सोडत. पक्क्या रस्त्यावर आल्यावर पंपाने हवा पुन्हा भरा. कमी हवेवर महामार्गाला लागलात तर टायरची बाजू तापून फुटते. जॅक लावायचा तर त्याखाली फूटभर चौकोनी, दीड इंच जाड फळी हवी, नाहीतर गाडी वर येण्याऐवजी जॅक खाली जातो.

टोचन करायला ट्रॅक्टर मिळतो. साखळी चासीच्या हुकालाच बांधा, बंपरला किंवा पाट्याला नाही. आणि बघ्यांना साखळीच्या दुप्पट लांबीवर पिटाळा.

काळी नदीवर पंप टाकून टाकी भरता येईल का? (खानापूर)

नको. दांडेलीकडे काळीत मगरी आहेत. पाइप टाकायला, भांडी घासायला, पाय धुवायला काठाच्या गवतात उतरू नका. पाणी मुक्कामावरच्या विहिरीचं किंवा नळाचं घ्या. सहलीआधी टाकी निर्जंतुक करा : १०० लिटर पाण्याला ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट १०० मिली, नळांतून वास येईपर्यंत सोडा, रात्रभर ठेवा, मग दोनदा खळबळून टाका. संडासाची कॅसेट (मैला साठणारी काढती टाकी) ओढ्यात रिकामी करणं हा तर गुन्हाच. मुक्कामावर विचारून शौचकुपाच्या संडासात ओता, आणि त्यात फॉर्मॅलिनवालं रसायन नको, शौचकुपातले जिवाणू मरतात आणि यजमान पुढच्या वेळी फाटक उघडत नाही.

जंगलात गोचीड चावली तर? आणि माकडतापाचं काय ऐकतो ते खरं का? (नंदगड)

खरं आहे. माकडताप म्हणजेच क्यासनूर जंगलाचा ताप १९५७ मध्ये शिमोग्याकडे प्रथम ओळखला गेला, आता उत्तर कन्नडमध्येही आढळतो. डिसेंबर ते मे जपायचे महिने, म्हणजे नेमका सहलीचा हंगाम. पँट मोज्यात खोचा, पानांच्या ढिगावर चटई टाकून बसू नका, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. संध्याकाळी काखा, जांघा, कानामागे तपासा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, काडी, नखांनी चिरडणं, काही नको. आठवडाभरात एकदम ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आठवणीने सांगा.

अघनाशिनीच्या मुखाशी वाळूवर गाडी लावून तिसऱ्या (शिंपले) काढणारे बघायचे आहेत. भरतीची वेळ कशी काढावी? (बेळगाव कॅम्प)

अघनाशिनीवर धरण नाही, म्हणून तिच्या मुखाचं खारं-गोडं पाणी, कांदळवन आणि खारवट जमिनीतलं कग्गा भात टिकून आहे. २०२४ मध्ये ती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आली. तिसऱ्या काढणारे ओहोटीला उतरतात, तेव्हा वेळ तुम्हाला ओहोटीचीच हवी. कोकणी हिशेब असा : पक्षातली तिथी घ्या, तिची पाऊणपट करा; दुपारनंतर किंवा मध्यरात्रीनंतर तेवढ्या तासांनी पूर्ण भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी साधारण नऊला. हा हिशेब ढोबळ आहे, कुमट्याकडे भरती त्याआधी तासभर येऊ शकते. बंदराचं वेळापत्रक मिळालं तर तेच धरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी नेहमीच्या खुणेच्या वर चढतं. गाडी वाळूवर किंवा गजनीच्या (खारवट भातखाचराच्या) बांधावर लावूच नका. डांबरीवर लावून चालत जा. घरी आल्यावर चासी खालून गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः ब्रेकचे पाइप आणि हँडब्रेकची केबल.

लेक-जावई ऑस्ट्रेलियात डार्विनला असतात. जूनमध्ये ते आम्हाला कॅरॅव्हॅनने काकाडू राष्ट्रीय उद्यानात नेणार आहेत. आम्ही दोघं साठीच्या पुढचे. काय माहीत असावं? (टिळकवाडी, बेळगाव)

महिना योग्य आहे. तिथला कोरडा हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर; पावसात रस्तेच पाण्याखाली जातात. काकाडू सुमारे २०,००० चौरस किलोमीटर आहे, आपल्या अख्ख्या बेळगाव जिल्ह्याहून मोठं, आणि १९८१ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. डार्विनहून उद्यानातलं जबिरू गाव अडीचशे किलोमीटर, आर्नेम हायवे संपूर्ण डांबरी. तिथून काकाडू हायवेने पाइन क्रीककडे उतरता येतं, तोही डांबरी. कॅरॅव्हॅन या दोन रस्त्यांवरच ठेवा. जिम जिम धबधब्याची वाट फोर-बाय-फोरची आहे आणि भाड्याच्या करारात कच्चा रस्ता बहुधा वर्ज्य असतो. तिकडे कॅरॅव्हॅन कॅम्पमध्ये ठेवून स्थानिक सहलीने जा. उबिरची शैलचित्रं आणि मामुकालाचं पाणथळ मात्र चुकवू नका. कुइंडाजवळ यलो वॉटरवर नाव मिळते, ती पहाटेची घ्या.

इथल्यासारखी जागा शोधायची वेळ तिथे येत नाही. जबिरू आणि कुइंडाला वीज-पाण्यासह कॅरॅव्हॅनच्या जागा मिळतात, पण जूनमध्ये आधी नोंदवाव्या लागतात. अंधार पडला की गाडी चालवायची नाही, कांगारूंच्या जातीचे वॉलबी आणि रानम्हशी रस्त्यावर येतात. खाऱ्या पाण्यातली मगर नावाप्रमाणे खाऱ्यातच राहते असं नाही, गोड्या पाण्याच्या डबक्यातही असते. काठापासून पाच-सहा मीटर मागे राहा, मासे साफ करायला वाकू नका, आणि नदी ओलांडायच्या केहिल्स क्रॉसिंगवर भरतीच्या पाण्यातून गाड्या जाताना बघायचं तर वरून बघा.

जावयांना थोडी विश्रांती म्हणून तुम्हीही गाडी चालवणार असाल तर बेळगावच्या आरटीओत फॉर्म ४ए भरून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. गाडी तिथेही डावीकडूनच चालवतात. भाड्याच्या करारात तुमचं नाव चालक म्हणून लिहिलंय का, तेवढं जावयांना निघण्याआधी बघायला सांगा. नाव नसेल तर विमा लागू होत नाही.